पान सातवरची पेन्सिल

१९८० सालच्या मे महिन्यात माझ्यावर बैल चोरल्याचा आळ आला. आळ नाचणगावात आला, पण त्याचं मूळ पुण्यात होतं. पुण्याच्या ज्या मासिकामुळे हे घडलं त्याचं नाव मी सांगणार नाही. एक तर ते आता बंद पडलं आहे आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये. दुसरं, त्यांनी माझी कथा किती वेळा परत केली हे नावानिशी सांगण्यात माझीही काही शोभा नाही.

मी चौथीचा मास्तर. गाव मला चंद्रभान गुर्जी म्हणतं. कथा लिहायचं खूळ डोक्यात कधी शिरलं ते विचारू नका. गोवर कुठून आला हे कोणाला सांगता येत नाही. कथेचं नाव होतं 'ढवळ्या'. मे महिन्यातल्या भर दुपारी एका शेतकऱ्याचा बैल गोठ्यातून चोरीला जातो, चोर त्याला गल्लीतून चालवत नेतो आणि गावात कोणालाही पत्ता लागत नाही, अशी ती कथा. चौदा फुलस्केप पानं, निळी शाई आणि डावीकडे दोन बोटं समास. समास मी वर्गातल्या मोठ्या पट्टीनं स्वतः आखला होता. समास सुबक असला की संपादकाचं अर्धं मन तिथंच विरघळतं, अशी त्या वेळी माझी समजूत होती.

मासिकाचा नियम असा की, कथेसोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं एक पाकीट जोडायचं. कथा नापसंत झाली तर ती त्यातून परत यायची. हा नियम मला पहिल्यापासून खटकला. लग्नपत्रिकेसोबतच मुलीच्या परतीचं एसटीचं तिकीट जोडावं तसं हे झालं! पण नियम तो नियम. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात नियमाला 'का?' विचारायची पद्धत नव्हती, निदान मास्तरांमध्ये तरी नव्हती. मी पाकीट जोडलं आणि दिवाळीच्या सुट्टीत कथा पुण्याला धाडली.

मग सुरू झालं वाट पाहणं. आमच्या शेजारी बंडूजी राहत. कचेरीत आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि सरकारी कागद कसा चालतो, कुठं बसतो, कुठं झोपतो, याचं ज्ञान त्यांच्याइतकं आमच्या गल्लीत कोणाला नव्हतं. डिसेंबर उलटला तरी पुण्याहून काही आलं नाही, तेव्हा मी उदास झालो. बंडूजी मात्र खूश झाले.

"गुर्जी, उशीर म्हंजे चांगली खूण हाये," ते म्हणाले. "नामंजूर अर्ज लगेच वापस येते. मंजूर व्हायचा असला का तो टेबलावर राह्यते. जितका जास्त राह्यला, तितका वर गेला समजा."

या हिशेबानं मार्चपर्यंत माझी कथा फार वर गेली होती. एप्रिलमध्ये ती परत आली. पोस्टमन तानबाजींनी पाकीट हातात दिलं, उलटून पाहिलं आणि भर ओट्यावर विचारलं, "गुर्जी, तुमीच तुमाले पत्र लिवलं काय?"

आत चौदा पानं आणि एक छापील चिठ्ठी. 'साभार परत.' पुढे काही नाही. मी जेवलो नाही. म्हणजे तीन पोळ्यांच्या जागी दोनच खाल्ल्या. बायकोनं, कोकिळेनं, चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "आभार तं मानले ना त्यायनं? मंग कायले तोंड पाडून बसले?"

बंडूजींना ही चिठ्ठी पटलीच नाही. "त्रुटी कुठं हाये? अर्ज वापस करताना त्रुटी लिवा लागते. ह्या वापसीले अर्थ नाई. तुमी पुन्हा धाडा. तेथचा साहेब बदलला असंल." मग त्यांनीच मला सोबतचं पत्र सांगितलं आणि मी, दैव फिरलेलं असल्यामुळे, ते जसंच्या तसं लिहिलं. 'विषय: कथा छापून मिळणेबाबत. संदर्भ: आपले साभार परत.'

पुन्हा वाट पाहणं. एव्हाना गल्लीलाही माझ्या कथेची सवय झाली होती. गल्लीच्या आतल्या टोकाचे रूपराव पाटी-टोपलं घेऊन शेताकडे जाता जाता, चुकलेल्या म्हशीची चौकशी करावी तसे विचारत, "गुर्जी, नाई आली काय अजून तुमची गोष्ट?" मी म्हणे, "न येईल तेच बरं." त्यांना ते कळत नसे. चुकलेलं जनावर परत यावं, असंच गावाला वाटतं.

जानेवारीत 'ढवळ्या' दुसऱ्यांदा परत आला. तीच चिठ्ठी, तेच 'साभार'. पानं चाळून मी ती ट्रंकेत टाकणार, तेवढ्यात सातव्या पानाच्या समासात काहीतरी दिसलं. पेन्सिलीनं, अगदी पुसट, जणू लिहिणाऱ्याला लिहायचंही होतं आणि लपवायचंही होतं, असे तीन शब्द:

'घुंगरू वाजले नाहीत?'

मी पान खिडकीशी नेलं. पुन्हा वाचलं. मग बाकीची तेरा पानं उजेडात धरून पाहिली. अकराव्या पानाचा कोपरा दुमडून पुन्हा सरळ केलेला होता. तेराव्यावर बोटाएवढा तेलकट डाग होता, बहुधा लोणच्याचा. म्हणजे पुण्यात कोणीतरी जेवताना माझी कथा वाचली होती! नकार मिळाल्याचं दुःख मी तिथल्या तिथे विसरलो. कोण असेल? संपादक? त्यांचा सहायक? आणि वाचली, शंका विचारली, मग परत का केली?

बंडूजींनी चष्मा लावून ते तीन शब्द तपासले. "हा वरचा माणूस हाये," ते म्हणाले. "सही करते तो खालचा. प्रश्न इचारते तो वरचा. आता उत्तर देणं भाग हाये. शंकेचं उत्तर गेलं नाई तं फाइल बंद."

शंका रास्त होती, ते मला त्या दिवशी रात्री जेवताना कळलं. सहाव्या पानावर मीच ढवळ्याच्या गळ्यात घुंगरमाळ घातली होती, पोळ्यापासून उतरवली नाही म्हणून. सातव्या पानावर चोर त्याला गल्लीतून नेतो. गल्लीत अकरा घरं. आणि कोणालाच ऐकू येत नाही! दीड वर्ष ही कथा मी जवळ बाळगली, पुण्याला दोनदा पाठवली आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी रूपरावांना विचारलं, "बैल हळू चालवला तर घुंगरू वाजतात का?"

"वाजन नाई तं काय गाणं म्हनंल?" रूपराव म्हणाले.

"पण लोकांना ऐकू येईल का? भर दुपारी? सगळे झोपलेले असताना?"

बंडूजी म्हणाले, "प्रात्यक्षिक घ्या."

हा शब्द त्यांनी उच्चारला नसता तर पुढचं काही झालं नसतं. पण मास्तराला 'प्रात्यक्षिक' म्हटलं की राहवत नाही.

मे महिना आला. आमच्याकडे मे महिन्यातली दुपार म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. कुत्रीसुद्धा नालीत उतरून पडलेली असतात. मी रूपरावांकडे गेलो. ते मुलीकडे आर्वीला निघाले होते, एका हातात थैली, दुसऱ्या हातानं धोतराचा सोगा सावरत. मी म्हटलं, "रूपरावजी, उद्या दुपारी जरा बैल गोठ्यातून काढून गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन पाहतो. चालेल ना?"

"हाव हाव, न्या ना. कुठंबी न्या," असं म्हणत ते एसटी गाठायला पळाले.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमाराला मी बाहेर पडलो. उन्हामुळे दुपट्टा डोक्याला, कानाला, तोंडाला गुंडाळलेला. फक्त डोळे उघडे. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक सज्जन माणूस असाच दिसतो. बंडूजींना त्यांच्या ओट्यावर साक्षीदार म्हणून बसवलं होतं. हातात कागद आणि पेन. घुंगराचा आवाज ऐकू आला की वेळ टिपायची, एवढंच त्यांचं काम.

रूपरावांचा सरजा गरीब बैल. खुंटीवरची घुंगरमाळ मी त्याच्या गळ्यात बांधली, दावं सोडलं आणि त्याला बाहेर काढलं. छन्. छन्. छन्. त्या सामसूम गल्लीत तो आवाज मला देवळातल्या घंटेसारखा वाटला. मी मान खाली घालून चालू लागलो. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं. कोणी हललं नाही. बंडूजींच्या ओट्यासमोर आलो. साक्षीदार तोंड उघडं टाकून झोपले होते. कागद पोटावर होता आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होता.

इथं थांबायला हवं होतं. एकुलता साक्षीदार झोपल्यावर पुढे जाण्यात अर्थ नव्हता. पण माझ्या आत काहीतरी उसळलं. एवढा आवाज, तरी कोणी उठत नाही? आणखी दोन घरं गेलो तर? मारुतीच्या पारापर्यंत गेलो तर? माझ्याच घरावरून गेलो. आत कोकिळेच्या बांगड्या वाजल्या, पण दार उघडलं नाही. पारही मागे पडला. मी पुलगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझी छाती भरून आली होती. कथा खरी होती! सातव्या पानावरचा प्रत्येक शब्द खरा होता!

आणि मग सरजाला शेताचा रस्ता दिसला.

बैलाला रस्ता माहीत असला आणि मास्तराला बैल वळवणं माहीत नसलं, की कोण कोणाला नेतं हे सांगायला नको. मी दावं ओढत होतो, सरजा मला ओढत होता. एक चप्पल मागे राहिली. त्याच वेळी समोरून, पदर डोक्यावर घेतलेल्या, काखेत गवताचा भारा धरलेल्या रुख्माबाई आल्या. रुख्माबाई म्हणजे रूपरावांची आई. त्यांनी बैल पाहिला. दुपट्ट्यात गुंडाळलेला मी पाहिला. भारा खाली पडला.

"अवं माय वो! बैल नेला! माह्या पोराचा बैल नेला! धावा वो धावा!"

अकरा घरं घुंगरानं उठली नव्हती, ती रुख्माबाईंच्या एका हाकेनं उठली. कोण कुठून आलं कळलं नाही. कोणी माझे हात धरले, कोणी सरजाचं दावं धरलं, कोणीतरी फर्रकन दुपट्टा ओढला आणि माझे धरलेले हात एकदम सुटले.

"बाप्पा!" मागून कोणी तरी म्हणालं. "हे तं चौथीचे गुर्जी."

त्या घडीला माझ्या अब्रूचं जे झालं ते मी लिहू शकत नाही. मी म्हणालो, "प्रात्यक्षिक होतं. बंडूजींना विचारा." बंडूजींना उठवून आणलं. ते डोळे चोळत उभे राहिले आणि सच्च्या माणसासारखं खरं बोलले, "मी काई पाह्यलं नाई. काई ऐकलं नाई." प्रात्यक्षिकाच्या दृष्टीनं हा निष्कर्ष उत्तम होता. माझ्या दृष्टीनं त्याहून वाईट साक्ष असू शकत नव्हती.

रुख्माबाई ठाण्यात गेल्याशिवाय ऐकेनात. ठाण्यात ओमप्रकाश नावाचे जमादार बसले होते. भरघोस मिशा, समोर पाण्याचा माठ. त्यांनी माझ्याकडे दुःखानं पाहिलं. त्यांचा पुतण्या माझ्या वर्गात होता. मी सगळं सांगितलं. कथा, पुणं, घुंगरू, शंका. ते म्हणाले, "गोष्ट कुठं हाये ते दाखवा." मी सुटावा म्हणून कोकिळा घरी पळत गेली आणि ट्रंकेतून बाड घेऊन आली.

जमादारांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'मे महिन्यातली दुपार होती. डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो गोठ्यात शिरला...'" ते थांबले. माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. रुख्माबाईंनी कपाळावर हात मारला. "लिवून ठिवलं होतं वो यायनं! आधीच लिवून ठिवलं होतं!"

पुढे पंचनाम्यात आलं: एक बाड, पानं चौदा, शाई निळी, पान सातवर पेन्सिलीनं 'घुंगरू वाजले नाहीत?' असा संशयास्पद मजकूर.

"हा पुण्याचा माणूस कोण?" जमादारांनी विचारलं. "तुमाले घुंगराचं काऊन इचारून राह्यला?"

"तेच मला कळत नाही," मी मनापासून म्हणालो.

"टोळी हाये काय?"

बंडूजींनी शब्द दिला म्हणून मला घरी जाऊ दिलं. बाड मात्र जप्त झालं. माझी कथा कोणीतरी ठेवून घेतली, ती ही पहिलीच वेळ.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. रुख्माबाईंनी गल्लीत जाहीर केलं की जूनमध्ये शाळा उघडली तरी नातू या मास्तराच्या वर्गात जाणार नाही. दुसऱ्याही दोन घरांत तसं बोलणं झाल्याचं कानावर आलं. मग मला खरीच भीती वाटली. हेडमास्तरांच्या कानावर गेलं, वर्ध्याला कळलं, तर? चौदा पानांसाठी अठरा वर्षांची नोकरी? कोकिळेनं सूप पुढे ओढलं. गहू निवडत बसली. ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

तिसऱ्या दिवशी रूपराव आर्वीहून आले. थैली न ठेवताच ठाण्यात गेले, आम्ही मागोमाग. जमादारांनी विचारलं, "यायनं तुमाले इचारलं होतं काय?"

"हाव," रूपराव म्हणाले. "इचारलं होतं. मीबी हाव म्हटलं."

"मंग?"

"मले वाटलं गोष्टीतला बैल. दोन वर्सांपासून यायची गोष्टच चालू हाये. म्हटलं गोष्टीतला बैल कुठंबी न्या, माह्या बापाचं काय जाते?"

जमादार हसले, शिपाई हसला, रूपराव हसले. रुख्माबाई हसल्या नाहीत, पण तक्रार मागे घेतली. प्रकरण मिटलं. बाड मात्र मिटलं नाही. "अर्ज करा," जमादार म्हणाले. बंडूजींच्या अंगात बळ आलं. त्यांनी अर्ज लिहिला, 'विषय: जप्त साहित्य परत मिळणेबाबत', आणि 'साहित्य' या शब्दावर स्वतःच खूश होऊन मला तो दोनदा वाचून दाखवला. अर्ज दिला. आज या, उद्या या. पुण्याची वाट पाहणं वेगळं. इथं तर माझं बाड समोरच्या टेबलावर, माठाच्या शेजारी दिसत होतं आणि मिळत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला जमादारांनी शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि दार लोटलं.

"गुर्जी, बसा. मी पुरी वाचली. दोन डाव वाचली," ते हळू आवाजात म्हणाले. "राग नका येऊ देऊ. तुमचा चोर बावळट हाये."

"कसा?"

"अनोळखी माणसासंगं बैल असा चालत नाई. पयले त्याले मूठभर सरकीची ढेप चारा लागते. दुसरं म्हंजे घुंगरू. त्यात चिंध्या कोंबल्या का आवाज बंद. पण तुमी तं काईच कोंबलं नाई, अन् तरी पारापुढं गेले. गेले ना?"

"गेलो."

"मंग तेच लिवा ना. आवाज लोकायले आला. पण दुपारचं घुंगरू वाजलं तं माणूस म्हणते, असंल कोणाचं. उठून कोण पाह्यते?"

जमादारांनी बाड परत दिलं. ते काखेत मारून मी आलो तो थेट गल्लीत विचारत सुटलो. त्या दिवशी घुंगरू ऐकू आले होते का? आता लोक मोकळे झाले होते. पहिल्या घरातले म्हणाले, हो, वाटलं रूपराव नेत असतील. दुसऱ्या घरी ऐकलं होतं. चौथ्या घरातल्या देवकाबाईंनी तर ऐकून कूस बदलली होती. अकरापैकी सात घरांनी ऐकलं होतं. शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कोकिळेला विचारलं.

"आलता ना आवाज," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "जागीच होती मी. म्हटलं, असंल कोणाचा बैल."

"तुझ्या नवऱ्याच्या हातात होता तो."

"मले का माहीत? नवरा बैल घेऊन जाईन असं कोणाले वाटते?"

मी 'ढवळ्या' पहिल्यापासून लिहिला. घुंगरू वाजतात. सात घरं ऐकतात. एक बाई जागी असते, तिचा हात पिठात असतो, ती म्हणते, असेल कोणाचा तरी. बैलाला चारायला चोराच्या हातात मी ढेप दिली. शेवट बैलाच्या रिकाम्या गव्हाणीवर केला. लिहून झाल्यावर मला पहिल्यांदाच समास आखायची आठवण राहिली नाही. जूनमध्ये शाळा उघडली, वर्गात सगळी मुलं आली, रुख्माबाईंचा नातूसुद्धा आला, आणि त्याच आठवड्यात मी कथा तिसऱ्यांदा पुण्याला धाडली.

पोळा गेला. दिवाळी गेली. बंडूजी म्हणत, "वर गेली." संक्रांत गेली. मी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. या वेळी मी छापून येण्याची वाट पाहत नव्हतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मला फक्त सातवं पान पाहायचं होतं. त्या माणसाला पटलं का? त्याला आणखी काही विचारायचं आहे का? संपादकापेक्षा मला ती पेन्सिल जास्त जवळची झाली होती, आणि ती कोणाची हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

१९८१ च्या मार्चमध्ये जाड पाकीट आलं. वरचं अक्षर माझं नव्हतं. आत माझं बाड आणि त्यावर दोन पानी पत्र. मी ओट्यावर बसूनच वाचलं. बंडूजी खांद्यावरून वाचत होते.

'श्री. चंद्रभान यांस, स. न. वि. वि. आमचे मासिक जानेवारीपासून बंद झाले. कपाटात राहिलेले ज्याचे त्याला परत करण्याचे काम मी करीत आहे. तसे सतरा वर्षे मी हेच काम केले. संपादक पहिले पान पाहून त्यावर टाचलेल्या चिठ्ठीवर फुली मारीत. मग ते बाड माझ्या टेबलावर येई आणि मी ते पाकिटात घालून परत पाठवीत असे. तुमच्या कथेवर तिन्ही वेळा पहिलेच पान पाहून फुली पडली, हे सांगताना वाईट वाटते. पाकिटात घालण्यापूर्वी मी वाचते. वाचू नये असा नियम नव्हता, वाचावे असाही नव्हता. डबा खाताना वाचले, त्याचा डाग पडला असेल तर क्षमा करावी. पेन्सिलीने लिहिणे हा माझा आगाऊपणा. खोडायचे राहून गेले.

'आता तुम्ही लिहिले आहे की सात घरांनी आवाज ऐकला. ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. मला एक विचारायचे आहे. आता छापण्याचा प्रश्नच नाही, तरी विचारते. बैल शेवटी मिळाला का? कथेत तुम्ही सांगितलेले नाही. कळवाल तर बरे वाटेल. खाली घरचा पत्ता देत आहे. आपली, शरयू आपटे.'

बंडूजी घसा साफ करून म्हणाले, "जावक विभाग." आणि ताठ बसले. कचेरीतून सुटल्यापासून इतकं ताठ बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मला काय वाटलं? आधी ती फुली टोचली. तिन्ही वेळा पहिलंच पान! पुढच्या तेरा पानांवरचा तो सुबक समास संपादकांनी पाहिलाही नव्हता. पण टोचणी टिकेना, कारण डोक्यात दुसरंच घोळत होतं. बैल मिळाला का? मला माहीत नव्हतं. मी त्याचा विचारच केला नव्हता.

कोकिळेला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई वाट पाहत असंन. लवकर लिवा."

"काय लिहू?"

"मिळाला म्हणा."

"कुठे मिळाला?"

एव्हाना गल्ली जमली होती. रूपराव म्हणाले, बैलबाजारात सापडंल. कोणी म्हणालं, सापडणारच नाही. रुख्माबाई आजवर माझ्या ओट्यावर चढल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या पायरीवर टेकल्या.

"आमच्या बापाचा पवळ्या बैल असाच चोरीले गेलता," त्या म्हणाल्या. "आंजीले, माह्या माहेरी. मी लहान होती. महिनाभर शोधला, नाई गवसला. एक दिवस सकाळी माय उठली तं पवळ्या आंगणात उभा. गळ्यात दुसऱ्याचं दावं. कुठं गेलता, कोणापाशी होता, कोणाले नाई माहीत. मायनं पयले त्याले पाणी पाजलं, मंग रडली."

मी आतून कागद आणला. रुख्माबाई सांगत होत्या, मी लिहीत होतो, मध्येच विचारत होतो, दावं कसलं होतं? सुती की अंबाडीचं? रंग कोणता? त्या वैतागून, पण सगळं सांगत होत्या. आठ पानं झाली. त्याच संध्याकाळी पत्र पेटीत पडलं.

दहाव्या दिवशी मी शाळेतून आलो तर गल्लीच्या तोंडाशीच मोठमोठ्यानं वाद चाललेला. तानबाजींनी पोस्टकार्ड आणलं होतं, आणि पोस्टकार्ड वाचायला काय लागतं? कार्ड रूपरावांच्या हातात होतं, बंडूजी त्यांच्या हातून ओढत होते, ठाण्याकडे निघालेले जमादार सायकल टेकवून मधे पडले होते आणि तिघांची तीन मतं होती. मी कार्ड घेतलं. पेन्सिलीनं नाही, या वेळी शाईनं, मोठ्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं:

'वाचले. डोळे भरून आले. पण मग चोर कोण?'

सगळे एकदम बोलत होते. रुख्माबाई तेवढ्या माझ्या गळ्यातल्या दुपट्ट्याकडे पाहत होत्या.